तळाला घातलेलं नाव

पलूस, ११ सप्टेंबर २०२३

चि. वीरधवल यास,

खोकं पोचलं. एसटीच्या पार्सलवाल्याने ते उलटं ठेवलं होतं, त्यामुळे कोल्ड्रिंकचे काही रिकामे डबे चेपले. बाकीचे बरे आहेत. फोनवर मला ऐकू येत नाही हे तुला माहीत आहे. कानात मशीन घातलं की शिट्टी वाजते. म्हणून खोक्यातच पत्र घालून पाठवतो. तूही तिकडून रिकामे डबे पाठवशील त्यात दोन ओळी घालत जा.

स्टोव्ह झाले आहेत. तुझ्या कॅम्पवर त्या परदेशी पाहुण्याने सोडलेला जो नमुना तू दाखवलास, त्याच मापाचे. दोन डब्यांचे तळ कापायचे, एक दुसऱ्यात बसवायचा, कडेला दाभणाने बारीक भोकं. मधल्या भोकातून स्पिरिट ओतलं आणि काडी लावली की आधी मध्ये पेटतं. मग तापलं की कडेच्या भोकांतून करडईच्या फुलासारख्या ज्योती निघतात. मुठीत धरला तर पाखराएवढंही वजन नाही. गिर्यारोहण करणारी माणसं पाठीवर घेऊन जाणार, तेव्हा वजन नको, हे तुझं म्हणणं मला पटलं.

पण बाळा, मला एक गोष्ट पटत नाही. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही. मी अंगणात लावून बघितला. विझला असं समजून हात वर नेला आणि मनगटावरचे केस जळाले. माझे केस गेले तर काय एवढं, पण तुझे पाहुणे दुपारी पठारावर केक भाजत बसणार. त्यांना वाटेल विझला, आणि बाटली घेऊन वरून ओततील. ती आग बाटलीत चढते.

यावर उपाय आहे. पाण्याच्या दोन थेंबांत मीठ विरघळवून ते स्पिरिटात टाकायचं. ज्योत देवघरातल्या दिव्यासारखी पिवळी होते, भर उन्हात दिसते. आणि भरायच्या आधी वाळकं पान वर धरायचं. प्रत्येक स्टोव्हला मी कागद चिकटवला आहे, त्यावर लिहिलं आहे: "दिसत नाही म्हणजे विझला नाही. मीठ टाका." तो काढू नये.

तुझी मामी जाऊन दोन वर्षं झाली. घरात आवाज नाही. तू म्हणाला होतास की दिवाळीनंतर मला सातारला नेणार, स्टोअरच्या मागची खोली देणार. मी कोणाला त्रास देणार नाही. खोलीला खिडकी आहे का, एवढं कळव.

तुझा मामा,
आकाराम


सातारा, २० सप्टेंबर

मामा,

स्टोव्ह एक नंबर! कासची फुलं सुरू आहेत, गर्दी लय आहे. काल पाहुण्यांनी डोंगरावर केक भाजला, मोठ्या पातेल्यात वाळू घालून, तुम्ही सांगितलं होतं तसाच. पुण्याच्या एका बाईने व्हिडिओ टाकला, हजारो लोकांनी बघितला.

मिठाचं मात्र राहू दे. पिवळी ज्योत म्हणजे घासलेटची चिमणी वाटते. लोक निळ्या ज्योतीचे फोटो काढायला येतात. आणि तुमचे ते कागद आम्ही पाण्यात भिजवून सोलून काढले. मामा, असं लिहिलेलं बघून माणूस चूल पेटवायच्या आधीच घरी पळेल. स्टोअर सांभाळणारा धनाजी म्हणाला, "मामानं स्टोव्ह पाठवल्यात का सुतकाचा निरोप?" आमच्याकडे सगळे हसून हसून पडले.

माझ्या लहानपणापासून तुमचा भीतीचाच धंदा. मला विहिरीत पोहू दिलं नाही, सायकलवर बसू दिलं नाही. तरी मी मोठा झालोच की.

खोलीला खिडकी आहे. रंग द्यायचा आहे. डबे सोबत आहेत.

वीरधवल


पलूस, २ ऑक्टोबर

चि. वीरधवल,

कागद सोललेस हे वाचून मला जेवण गेलं नाही. तू हसलास त्याचं काही नाही. हसावं. मी आहेच तसा. पण विहिरीत पोहू दिलं नाही ते तुझी आई नुकतीच गेली होती म्हणून. आक्काचं एकच लेकरू माझ्या पदरात होतं, मी काय दुसरं करणार होतो?

आता कागद नाहीत. मी दुसरं केलं आहे. आपल्यात लग्नात भांडी देतात तेव्हा तळाला नाव घालतात, ते आठवतं का? बारीक छिन्नी आणि हातोडी घेऊन बाजारात बसायचे ते. तसं मी खिळ्याने ठिपके ठोकून प्रत्येक स्टोव्हच्या तळाला अक्षरं घातली आहेत. वर: "दिसत नाही म्हणजे विझला नाही. मीठ टाका." खाली: "चि. वीरधवल यांस आकाराम यांजकडून सप्रेम भेट." नाव घातल्याशिवाय दिलेलं भांडं परकं वाटतं. आणि हे पाण्यात भिजवून निघत नाही.

प्रत्येकासोबत मिठाची पुडी आहे. अंगाऱ्याची असते तेवढीच बारीक. ती तरी पाहुण्यांच्या हातात पडू दे.

इथे दुसरीच आफत आहे. तू पाठवतोस ते अर्धे डबे बिअरचे असतात. मी ते धुऊन अंगणात वाळत घालतो. शेजारची राहीबाई कुंपणावरून बघते. परवा म्हणाली, "आवं आबा, मामी असताना न्हाई, अन् आता व्हय?" मी म्हटलं हे स्टोव्हचे आहेत. ती म्हणाली, "व्हय व्हय, माजा दादलाबी असंच सांगायचा." मेडिकलवाल्या जयराजने तर स्टोव्ह तपासायला लागणारं स्पिरिट द्यायलाच नकार दिला. "आबा, हे पिऊन मानसं आंधळी हुत्यात," म्हणाला. सगळं दुकान ऐकत होतं. उभ्या जन्मात मी थेंब घेतला नाही, आणि आता म्हातारपणी गावाने मला दारुडा ठरवलं. पण तुझं काम आहे म्हणून करतो.

खिडकी आहे हे बरं झालं. कुठल्या बाजूला आहे? पश्चिमेला असेल तर दुपारी तापेल. पडदा मी आणेन, मामीच्या लुगड्याचा आहे.

आकाराम


सातारा, २७ नोव्हेंबर

मामा,

दिवाळी गडबडीत गेली, लिहायला जमलं नाही. "सप्रेम भेट"वर पाहुणे खूश. एकीने विचारलं, "हे आकाराम म्हणजे ब्रँड आहे का?" मी म्हटलं हो, पलूसचा जुना ब्रँड, जरा गंजलेला आहे!

वरची ओळ मात्र नको होती. आता ठोकलीच आहे तर असू दे. तळाला कोण बघतंय. मिठाच्या पुड्या धनाजीने उकडलेल्या अंड्यांना वापरल्या.

खोलीचं जानेवारीत बघू. आता स्टोअरमध्ये माल भरला आहे. नाताळला मोठा ग्रुप येतोय, तेव्हा दुप्पट पाठवा. आणि गावात लोक काय म्हणतात ते मला कशाला लिहिता? लोक म्हणतात तर थोडी घ्या, थंडीत बरी असते.

वीरधवल


पलूस, ५ डिसेंबर

चि. वीरधवल,

दुप्पट पाठवले आहेत. बोटं कापली आहेत, अंगठ्याला चिंधी बांधून काम केलं. अक्षरं सगळ्यांवर घातली आहेत. तू म्हणतोस तळाला कोण बघतं. भांडं घासणारा बघतो. कधीतरी कोणीतरी घासेलच ना.

मला रात्रभर वाटत राहतं की कोणीतरी बाटली घेऊन वाकलं आहे. जेवताना वाटतं, बाजारात जाताना वाटतं. आप्पासो गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "आकाराम, तुला एवढी भीती वाटती तर करायचं सोड की गड्या." सोडलं तर तू खोकं पाठवणार नाहीस, खोकं नाही तर पत्रही नाही. हे गुरुजींना कसं सांगायचं?

पुन्हा मीठ पाठवतो. या वेळी जाड मीठ आहे. अंड्यांना चालणार नाही.

जानेवारीत नक्की ना? म्हणजे मी कोंबड्यांचं काहीतरी बघतो.

आकाराम


सातारा, १६ जानेवारी २०२४

ती. मामांना अंकिताचा नमस्कार,

हे धावपळीत आहेत म्हणून मी लिहिते. तुमची खोली तयार झाली, मामा! रंग फिकट आकाशी दिला आहे. खिडकी पूर्वेला आहे, सकाळी ऊन येतं. तुम्ही कधी येता याची आम्ही वाट बघतोय.

एक छोटं काम आहे. नाताळच्या ग्रुपमधली एक मुलगी जरा भाजली. पठारावर मैत्रिणीच्या वाढदिवसाचा केक भाजत होत्या. विझला असं वाटून तिने वरून स्पिरिट ओतलं. तिच्या वडलांनी उगीच तक्रार केली आहे. सोमवारी, २९ तारखेला, पोलीस ठाण्यात या. साहेबांना एवढंच सांगायचं की स्टोव्ह तुम्ही तुमच्या मनाने बनवून आम्हाला दिले, आणि धोका सांगायचा तुमच्याकडून राहून गेला. तुमचं वय बघता तुम्हाला कोणी काही करणार नाही, असं वकील म्हणाले. नाहीतर यांना कॅम्प बंद करावा लागेल. दोन लेकरं आहेत आमची.

मग ठाण्यातून थेट घरी, तुमच्या खोलीत.

अंकिता


पलूस, १९ जानेवारी

चि. वीरधवल आणि चि. सौ. अंकिता,

जरा म्हणजे किती भाजली? हात का तोंड? कोणाची मुलगी? दुपारी का? मीठ होतं का? या सगळ्याची उत्तरं आधी द्या.

माझे हात थरथरतात म्हणून अक्षर असं आलं आहे. धोका सांगायचा राहून गेला असं सांगायचं म्हणता. पण मी तर दुसरं काहीच सांगितलं नाही. पहिल्या पत्रापासून तेच. स्टोव्हवर आहे ना लिहिलेलं. ते साहेब वाचणार नाहीत का?

आकाशी रंग चांगला. मी येईन. कोंबड्या राहीबाईला दिल्या. तिने विचारलं, "कायमचं चाललायसा व्हय?" मी हो म्हटलं. आता मागे फिरून तिच्यापुढे जाता येणार नाही. काय बोलायचं ते मला नीट लिहून कळवा. मी घाबरलो की उलटं बोलतो.

आकाराम


सातारा, २३ जानेवारी

मामा,

तुमचे प्रश्न पुरे. मुलगी मलकापूरची, मदिहा नाव. तुम्ही डॉक्टर आहात का, हात का तोंड विचारायला?

नीट वाचा. तळाला वर जे लिहिलं होतं ते आता नाही. पोलिसांनी जप्त करायच्या आधीच सगळ्या स्टोव्हच्या ठिपक्यांत एम-सील भरून पॉलिश पेपरने घासलं आहे. खाली तुमचं नाव तेवढं ठेवलं आहे. पोलिसांनी बघितलं: आकाराम यांजकडून. म्हणजे माल कोणाचा, हे तुम्हीच खिळ्याने लिहून ठेवलंय. मी काही सांगायचीही गरज नाही. त्यामुळे "मी सांगितलं होतं" असं तिथे बोललात तर कोणी विश्वास ठेवणार नाही, उलट खोटं बोललात म्हणून अडकाल.

आणि तुम्ही संध्याकाळी थोडी घेता, हात थरथरतो, असंही मी साहेबांना सांगून ठेवलं आहे. म्हणजे ते तुमच्याकडे दयेने बघतील. पलूसला चौकशी केली तरी गाव तेच सांगेल. तुमच्या भल्यासाठीच केलं.

मला तुम्ही वाढवलंत, हे तुम्ही आयुष्यभर बोलून दाखवलंत. आता एकदाच काहीतरी कामाला या. २९ तारखेला सकाळी स्टँडवर घ्यायला येतो. नीट बोललात तर खोली तुमची. नाही तर पलूस आहेच.

हे पत्र वाचून जाळा.

वीरधवल


पलूस, ४ फेब्रुवारी २०२४

चि. वीरधवल यास,

तू मला बसमध्ये बसवलंस, खिडकीतून केळी दिलीस, आणि म्हणालास, "मामा, झकास बोललात, पुढच्या महिन्यात न्यायला येतो." तू हसत होतास, म्हणून मी तिथे काही बोललो नाही. तू बाहेर बाकावर बसला होतास. आत काय झालं ते आता लिहितो.

तू सोमवारी बोलावलंस. मी शनिवारीच आलो होतो. बस चुकेल, दरड पडेल, असं मला वाटत राहतं, हे तू जाणतोस. तुम्ही दोघं कॅम्पवर गेला होता. धनाजी स्टोअरमध्ये होता. मी म्हटलं, माझी खोली उघड, पडदा लावून ठेवतो. तो माझ्याकडे बघतच राहिला. "आवं मामा, कसली खोली? हितं नुसतं डबं हायती." त्याने दार उघडलं. आत छतापर्यंत पोती होती, रिकाम्या डब्यांची. रंग नव्हता. खिडकीही नव्हती. पूर्वेला नाही आणि पश्चिमेलाही नाही. अंकिताने ऊन येतं असं कशाला लिहिलं असेल, याचा मी खूप विचार केला. एवढं बारीक खोटं लिहायला माणसाला वेळ लागतो. धनाजीला म्हटलं, मी येऊन गेलो हे सांगू नको. त्याला माझी दया आली असावी. त्याने सांगितलं नाही. दोन रात्री मी स्टँडवरच काढल्या, सोमवारी तू तिथेच घ्यायला आलास.

मग मी दवाखान्यात गेलो. कॅम्पवर भाजलेली मलकापूरची मुलगी म्हटलं की तिथे सगळ्यांना माहीत आहे. दाराशी तिचे वडील शाहनवाज बसले होते. मी नाव सांगितलं. ते उठले. मला वाटलं मारतात. म्हणाले, "म्हणजे ते सप्रेम भेटवाले तुम्हीच." मारलं असतं तर बरं झालं असतं.

हात का तोंड विचारत होतो ना मी? दोन्ही. उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटली आहेत, ती कापून सुटी करणार आहेत. ती मला आजोबा म्हणाली. म्हणाली, "आजोबा, आम्ही नीट बघितला होता. विझला होता." मी म्हटलं, "नाही बाळ, दिसत नव्हता." मग तिने विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" मी हो म्हटलं. "मग का बनवलेत?"

वीरधवल, मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, "मला एक खोली मिळणार होती."

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटतं वळवताना तिला दुखलं असावं.

सोमवारी साहेबांनी मला खुर्ची दिली आणि तूच सांगितलं होतंस तसं दयेने विचारलं, "आजोबा, सकाळी घेतली नाही ना?" मी म्हटलं, साहेब, ते जप्त केलेले स्टोव्ह आणायला सांगा. टेबलावर आणले. तळ गुळगुळीत होता, खाली माझं नाव तेवढं. तू काम सफाईने केलं आहेस. पण बाळा, पत्रा पातळ आहे. खिळा बाहेरून ठोकला की आत उठतो. बाहेरून तू भरलंस, घासलंस. आतून कोण घासणार? मी साहेबांना म्हटलं, मधल्या भोकातून बोट घाला. त्यांनी घातलं. मग हवालदाराला कात्री आणायला सांगितली आणि एक कापून उघडला. आत उलटी अक्षरं उठलेली होती. त्यांनी आरसा मागवला. आरशात धरून त्यांनी मोठ्याने वाचलं. सगळ्या ठाण्याने ऐकलं, फक्त तू बाहेर होतास.

मग एकेक करून सगळे कापले. सगळ्यांत तेच.

पत्र जाळायला सांगितलं होतंस. जाळलं नाही, साहेबांच्या टेबलावर ठेवलं. मला तशी विस्तवाची भीती वाटते.

साहेब म्हणाले, "आजोबा, तुम्ही यातून सुटाल." मी म्हटलं, सोडू नका. माहीत असून पाठवत होतो, तेही लिहा. त्यांनी लिहिलं.

इथे आलो तर राहीबाई दारात उभी होती. कोंबड्या परत दिल्या नाहीत. म्हणाली, "आबा, दिलेलं परत मागू नये." बरोबर आहे तिचं.

आता तुला थोडं सांगायचं. पोलीस कधी येतील ते मला माहीत नाही, पण येतील. कोठडीत फरशी गार असते म्हणतात. लहानपणापासून तुला पहाटे शिंका येतात, तेव्हा तपकिरी स्वेटर बाहेर काढून ठेव. मामीने विणलेला आहे, टाकून दिला नसशील तर. उपाशी पोटी जाऊ नको. लेकरांसमोर रडू नको. पोती हलवायची घाई करू नको, साहेब खोलीला कुलूप लावणार आहेत. धनाजीवर ओरडू नको.

लिहून झाल्यावर साहेबांनी जबाबाचा कागद मला दाखवला, वाचूनही दाखवला. वर तुझं नाव आहे, खाली माझं. भांड्यावर घालतात तसं.

तुझा मामा,
आकाराम